पिशवी, खाडा आणि उचल: ऊसतोडीच्या टोळीतल्या तरुण बायकांचं प्रकरण

२०२४ च्या जानेवारीतल्या करारानंतर ऊसतोडीचा दर टनाला ३६६ रुपये झाला. नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडते. दिवसाचे झाले ७३२ रुपये, आणि तेही हातात पडत नाहीत, उचलीतून, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेतून, वजा होतात. पाळीत फार रक्त गेलं म्हणून बाई एक दिवस कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीत, बसली, की जोडी अडते आणि ते ७३२ बुडतात. त्यावर खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड. पुष्कळ टोळ्यांत तो दिवसाला ५०० रुपये असतो, काही ठिकाणी त्याहून जास्त. एक दिवस १,२३२ रुपयांना पडला. महिन्याचे चार दिवस आणि हंगामाचे सहा महिने धरले तर चोवीस दिवसांचे २९,५६८ रुपये होतात. तालुक्याच्या गावी खासगी दवाखान्यात पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढायला साधारण तीस ते चाळीस हजार लागतात.

चोवीस दिवस घरी बसणारी बाई टोळीत नसते, ते तिला परवडतच नाही. पण मुकादम (टोळी जमवून उचल देणारा), नवरा, सासू आणि पुष्कळदा डॉक्टरही तिच्यापुढे हाच हिशेब मांडतात: एकदाचा खर्च कर, मग दरमहाची कटकट नको. हिशेब आकड्यांत जवळजवळ बरोबर बसतो, म्हणून तिला तो पटतो. हे प्रकरण समजून घ्यायचं तर इथूनच सुरुवात करावी लागते. या बायकांना काही कळत नाही असं धरून जे जनजागृतीला निघतात, ते पहिल्याच बैठकीत चुकतात. पैशाचं तिला पक्कं कळतं. त्या हिशेबातला एक आकडा मात्र तिला कुणी सांगितलेला नसतो: पिशवी काढल्यावर शरीराचं पुढे काय होतं, आणि न काढता तोच त्रास किती रुपयांत बरा होतो.

बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो मजूर कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर आणि सीमेपलीकडे कर्नाटकात जातात. बॉयलर पेटल्यापासून पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, मुक्काम उसाच्या फडाजवळ किंवा कारखान्याच्या तळावर. २०१९ मध्ये गर्भाशय काढण्याच्या बातम्या देशभर गाजल्या. त्या जूनमध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं की तीन वर्षांत बीडच्या ९९ खासगी रुग्णालयांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या काळात ८२,३०९ ऊसतोड बायकांचं सर्वेक्षण झालं आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. शंभरात जवळपास सतरा. त्याआधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण २.६ टक्के होतं. दोन्ही सर्वेक्षणांची पद्धत वेगळी, त्यामुळे आकडा आकड्याला तंतोतंत लावू नये. तरी एवढं अंतर नुसत्या पद्धतीनं पडत नाही.

इथे बोलायचं आहे ते मुख्यतः अठरा ते तिशीच्या बायकांबद्दल. शस्त्रक्रिया तिशीत झाली तरी तिची वाट विसाव्या वर्षीच सुरू झालेली असते. एकटीनं केलेली तोड अर्धा कोयता ठरते आणि उचल मिळते ती जोडीला, म्हणून हंगामाच्या तोंडावर लग्नं उरकली जातात. बीडमध्ये २० ते २४ वयाच्या बायकांत अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण २०१९-२१ च्या सर्वेक्षणात ४३.७ टक्के होतं. सतराव्या वर्षी लग्न, एकोणिसाव्या वर्षी पहिलं मूल, तेविशीत दोन-तीन मुलं आणि नसबंदी. त्यानंतर घरात पिशवीबद्दल एकच वाक्य ऐकू येतं: तिचं काम झालं.

‘पिशवी’ या शब्दाचा घोटाळा

गर्भाशयाला गावाकडे पिशवी म्हणतात. ऐकायला निरुपद्रवी शब्द आहे, पण समजुतीत तो बरीच गडबड करतो. पिशवी म्हणजे काहीतरी ठेवायची वस्तू. मूल ठेवलं, काढलं, आता रिकामी. रिकाम्या पिशवीत घाण साचते, ती सडते, तिला सूज येते, मग ती टाकून द्यायची. दरमहा जाणारं रक्त म्हणजे ‘आतली घाण’, आणि पांढरं जातं म्हणजे ‘पिशवी गळायला लागली’. या चित्रात अंडाशय कुठेच नसतात. त्यामुळे ऑपरेशनमध्ये नेमकं काय निघालं, पिशवी एकटी की दोन्ही अंडाशयांसकट, हे बहुतेकींना माहीत नसतं आणि विचारायचं सुचतही नाही.

बैठकीत हे समजवायला तक्त्यापेक्षा ताटलीतल्या चार वस्तू जास्त उपयोगी पडतात. एक छोटा पेरू, देठ खाली करून. मूल नसताना गर्भाशय साधारण एवढंच असतं, साडेसात सेंटिमीटर लांब. बाळंतपणं झाल्यावर थोडं मोठं राहतं, आणि तो आजार नाही. पेरूच्या वरच्या दोन्ही अंगांना बोटभर, दहा-दहा सेंटिमीटर लांब सुतळी: या नळ्या. सुतळीच्या टोकाला एकेक बदाम: हे अंडाशय. मग कात्री घेऊन सुतळी मधोमध कापायची आणि सांगायचं, नसबंदीत एवढंच केलं. पेरू जागेवर, बदाम जागेवर, पाळी चालू. आता पेरू उचलायचा. पाळी बंद, बदाम उरले. मग बदामही उचलायचे. इथे थांबून विचारायचं, या बदामांचं काम काय? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘मूल व्हायला लागतात.’ हाडं मजबूत ठेवणारं, झोप लावणारं, अंग गरम होऊ न देणारं संप्रेरक याच बदामांतून येतं, हे त्या पहिल्यांदा ऐकतात. ज्यांची पिशवी आधीच काढलेली आहे त्यांच्यातली एखादी इथे बोलू लागते: रात्री अंगाची आग होते, कंबर धरते, मोळी उचलत नाही. तिचं बोलणं पुरं होऊ द्यावं. टोळीत त्या बोलण्याला जेवढं वजन असतं, तेवढं बाहेरून आलेल्या कुणाच्याही बोलण्याला नसतं.

सोनोग्राफीचा कागद

ऑपरेशनचा निर्णय बहुधा एका कागदावर होतो. बाई पांढरं जातं, ओटीपोटात दुखतं म्हणून जाते. हातानं तपासणी होत नाही, थेट सोनोग्राफी होते. कागदावर चार ओळी येतात आणि तोंडी सांगितलं जातं, ‘पिशवीला सूज आहे, गाठ आहे, ठेवली तर कॅन्सर होईल.’ हा कागद पुढे वर्षभर आधार कार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत फिरतो. त्यात नेहमी येणारे शब्द ओळखता आले तर अर्धी भीती तिथेच कमी होते.

‘बल्की युटेरस’ म्हणजे गर्भाशय थोडं मोठं. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईत हे अगदी नेहमीचं. ‘नॅबोथियन सिस्ट’ म्हणजे गर्भाशयाच्या तोंडावरच्या ग्रंथींत साचलेला चिकट थेंब. त्यापासून काही होत नाही, उपचारही लागत नाही. ‘सिंपल ओव्हेरियन सिस्ट’, पाच सेंटिमीटरच्या आत: अंडाशयात दरमहा बीज तयार होताना पाण्याचा फुगा येतोच, आणि तो बहुधा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जातो. तेवढ्या काळानं पुन्हा सोनोग्राफी करायची. ‘मिनिमल फ्री फ्लुइड’ म्हणजे बीज फुटल्यानंतर मागे थोडं पाणी दिसणं, हेही नेहमीचं. ‘सर्व्हिसायटिस’ असं सोनोग्राफीच्या कागदावर लिहिलेलं असेल तर त्यावर विसंबू नये, कारण गर्भाशयाच्या तोंडाची सूज आत उपकरण घालून डोळ्यांनी पाहायची असते, यंत्राच्या पडद्यावर ठरवायची नसते. लहान फायब्रॉइड (गर्भाशयातली साधी गाठ) असेल, त्रास नसेल, तर तोही काढायचं कारण नाही.

कॅन्सरची भीती खोटी नाही, तिचा वापर खोटा आहे. बावीस-पंचवीस वर्षांच्या बाईत गर्भाशयमुखाचा कॅन्सर फार विरळा. तिशीनंतर मात्र तपासणी करून घ्यावीच. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी ती आहे: गर्भाशयाच्या तोंडाला ३ ते ५ टक्के ॲसेटिक ॲसिडचा बोळा लावून एक मिनिट थांबायचं आणि पांढरा डाग उमटतो का पाहायचं. भूल नाही, सोनोग्राफी नाही, पैसे नाहीत. डाग दिसला तरी तो कॅन्सर ठरत नाही, पुढची तपासणी लागते. ‘कॅन्सर होईल’ असं कुणी म्हटलं तर टोळीतल्या प्रत्येक बाईला विचारता यायला हवं: ही तपासणी केली का? तुकडा तपासायला पाठवला का?

पांढरं जाणं: काय नेहमीचं, काय आजार

जवळजवळ प्रत्येक वाट इथूनच सुरू होते, म्हणून यावर सगळ्यात जास्त वेळ द्यावा.

दोन पाळ्यांच्या मध्ये अंड्याच्या पांढऱ्यासारखं, तार धरणारं पाणी येतं. पाळीआधी थोडं घट्ट पांढरट येतं. गरोदरपणात जास्त येतं. वास नाही, खाज नाही, आग नाही, तर तो आजार नव्हे. दह्याच्या कवडीसारखं आणि प्रचंड खाज, हा बुरशीचा संसर्ग. करडं, पातळ, मासळीसारखा वास, विशेषतः संबंधानंतर, हा जंतूंचा तोल बिघडल्याचा प्रकार. पिवळं-हिरवं, फेसाळ, आग होणारं, हा बहुधा संबंधांतून आलेला संसर्ग. या सगळ्याबरोबर ओटीपोटात दुखणं आणि ताप असेल तर संसर्ग वर गर्भाशयात आणि नळ्यांत चढला आहे आणि थांबायला वेळ नाही. तिथे दुर्लक्ष झालं की नळ्या खराब होतात, पुढे मूल न होणं किंवा नळीत गर्भ राहणं इथपर्यंत जातं.

लघवीची जळजळ हा आणखी वेगळा आजार, पण टोळीत तो यातच धरला जातो. फडात आडोसा नसतो. पहाटे चारला कोपीवरून निघालेली बाई लघवीला जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाही, दुपारी उन्हात दाबून धरते. संसर्ग होतो त्यातून. पाळीचं कापड कोपीत दुसऱ्या लुगड्याखाली वाळत घातलं जातं, ओलसर राहतं आणि तेच पुन्हा वापरलं जातं. कापड वाईट नाही. साबणानं धुऊन, वर पातळ ओढणी टाकून उन्हात कडक वाळवलं तर सुती कापड चांगलं. जनऔषधी केंद्रात ‘सुविधा’ पॅड एक रुपयाला एक मिळतं, हंगामाला पुरेल एवढं आधी घेऊन ठेवता येतं. पण तळावर धुवायला पाणीच नसेल तर स्वच्छतेवर भाषण देणं म्हणजे तिला दोष देणं आहे. आधी टाकी, मग बैठक.

औषधं सरकारी दवाखान्यात रंगीत किटमध्ये फुकट मिळतात, जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये तर नक्की. हिरव्या किटमध्ये सेक्निडॅझोल १ ग्रॅमच्या दोन गोळ्या आणि फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅमची एक: योनीच्या संसर्गासाठी, एकदाच घ्यायची. पिवळं किट ओटीपोटाच्या दुखण्यासाठी: सेफिक्झीम ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, आणि मेट्रोनिडॅझोल ४०० व डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ १४ दिवस. किट तपासूनच द्यायचं असतं, मनानं घ्यायचं नाही, आणि पाळी चुकली असेल तर आधी सांगायचं, कारण गरोदरपणात डॉक्सिसायक्लिन चालत नाही.

पिवळं किट का फसतं, हे पाहण्यासारखं आहे. पहाटे उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळतं, तोंड कडू होतं. चौथ्या दिवशी दुखणं कमी होतं. मग बाकीच्या गोळ्या पुडीत राहतात. डॉक्सिसायक्लिनमुळे उन्हात कातडी जास्त पोळते, आणि दिवस तर उन्हातच जातो. बाई म्हणते, औषध अंगाला लागलं नाही. भाकरी खाऊन, भरपूर पाणी पिऊन, लगेच आडवं न होता गोळी घ्यायची, डोक्यावरून पदर-टॉवेल आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा, मेट्रोनिडॅझोल चालू असताना दारू घ्यायची नाही, आणि बरं वाटलं तरी चौदावा दिवस गाठायचा: हे चार मुद्दे किट देतानाच सांगितले पाहिजेत.

याहून मोठा घोळ नवऱ्याचा. पिवळ्या किटबरोबर नवऱ्यालाही करड्या किटचा एकच डोस (ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम, सेफिक्झीम ४००) द्यायचा असतो आणि दोघांचा उपचार पुरा होईपर्यंत संबंध टाळायचे किंवा निरोध वापरायचा असतो. त्याला त्रास काही नसतो, तो म्हणतो मला काय झालंय. मग तिला पुन्हा लागण होते, पुन्हा किट, पुन्हा लागण, आणि तिसऱ्या खेपेला कुणीतरी म्हणतं, ‘औषधानं जात नाही, पिशवीच काढ.’ कित्येक पिशव्या अशा निघाल्या आहेत की नवऱ्यानं तेव्हा दोन औषधं घेतली असती तर निघाल्या नसत्या.

हंगाम आणि पाळणा लांबवणं

नव्यानं लग्न झालेली मुलगी पहिल्या हंगामाला निघते तेव्हा तिच्याजवळ पाळणा लांबवायचं साधन बहुधा नसतंच. घरी सासू ‘आधी एक होऊ दे’ म्हणते, तळावर आशाताई येत नाही. २०२५ च्या जूनमध्ये बीडच्या आरोग्य विभागाचे जे आकडे छापून आले त्यात १,५२३ गरोदर बायका उसात राबल्याचं आणि ८४३ जणींची पिशवी हंगामाआधी काढल्याचं होतं. दोन्ही गोष्टी एकाच पोकळीतून आलेल्या आहेत.

साधन निवडताना हंगामाचं कॅलेंडर समोर ठेवावं. छाया गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा. सव्वीस आठवड्यांच्या हंगामाला ३९ गोळ्या, म्हणजे आठच्या पाच स्ट्रिप. निघतानाच घेतल्या की पुढे कुणाची वाट पाहावी लागत नाही. माला-एन असेल तर अठ्ठावीस गोळ्यांची सात पाकिटं. अंतरा इंजेक्शन तीन महिन्यांनी. दसऱ्याला घेतलं तर पुढचं जानेवारीत, म्हणजे ऐन हंगामात, परमुलखात. चार आठवड्यांपर्यंत उशीर चालतो, आणि कार्डावर तारीख असेल तर राज्यातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रानं ते द्यायला हवं. तांबी बसवायची तर हंगामाच्या आदल्या आठवड्यात नको, दोन-तीन महिने आधी, म्हणजे काही त्रास झाला तर गावातच दिसेल.

आता महत्त्वाचं. अंतरा घेतल्यावर पहिल्या महिन्यांत मध्येच डाग पडतात, मग पाळी लांबते किंवा बंद होते. छायानं पाळी पुढे जाते. तांबीनं पहिले तीन ते सहा महिने रक्त जास्त जातं. हे अगोदर सांगितलं नाही तर बाई घाबरते, फडाजवळच्या कुण्या दवाखान्यात जाते, तांबी किंवा इंजेक्शनबद्दल बोलत नाही, आणि ‘अनियमित रक्तस्राव’ अशी नोंद होऊन ती पुन्हा त्याच पिशवीच्या वाटेला लागते. साधन देणाऱ्यानं ‘कसं वापरायचं’ याला दोन मिनिटं घेतली तर ‘यानं काय काय होईल’ याला पाच घ्यावीत. ज्या मुलीचं हिमोग्लोबिन आठ-नऊ आहे आणि पाळीत आधीच जास्त जातं, तिला तांबी पहिली निवड म्हणून देऊ नये.

दिवस राहिलेच आणि नको असतील, तर नवरा तळाजवळच्या औषध दुकानातून गोळ्या आणून देतो. गर्भपाताच्या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच, आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्या काम करत नाहीत आणि जीव जाऊ शकतो. तासाला दोन मोठी पॅड पूर्ण भिजत असतील आणि असं सलग दोन तास चाललं असेल, तर १०८ बोलवायची, सकाळची वाट पाहायची नाही. गर्भपातासाठी कायद्यानं अठरा पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची सही पुरते, नवऱ्याची लागत नाही. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं लग्न न झालेल्यांनाही वीस ते चोवीस आठवड्यांच्या तरतुदीत घेतलं, आणि अठराच्या आतल्या मुलीच्या बाबतीत पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करायची गरज नाही असंही सांगितलं. हा शेवटचा मुद्दा टोळीसोबत फिरणाऱ्या किशोरी मुलींसाठी मोलाचा आहे, कारण ‘दवाखान्यात गेलं की पोलिसात नाव जाईल’ या भीतीनंच त्या भोंदूकडे जातात.

कोपीला दार नसतं, रात्री गाडी भरायला उठावं लागतं, आणि अंगचटीला येणारा माणूस पुष्कळदा उचल देणाऱ्यांपैकीच असतो. यावर सगळ्यांसमोर बोलायला कुणी तयार नसतं, आणि तशी जबरदस्तीही करू नये. अत्याचार झाला तर तक्रार नोंदवली नसली तरी उपचार फुकट आणि ताबडतोब मिळाले पाहिजेत. एचआयव्हीपासून बचावाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, गर्भ राहू नये म्हणूनची गोळी जितकी लवकर तितकी चांगली. मदतीचे नंबर १८१ आणि ११२. एवढं प्रत्येकीच्या हातात चिठ्ठीवर असावं, नंबर मोठ्या अक्षरात.

बैठक कधी आणि कुणाची

तळावर रात्री नऊला घेतलेली बैठक म्हणजे झोपलेल्या बायकांसमोरचं भाषण. पहाटे तीन-चारला उठून भाकरी, मग फड, नवरा तोडतो, ती पाला सोलून मोळ्या बांधते, तीस-चाळीस किलोपर्यंतची मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रॉलीत चढते, रात्री परत चूल. तिच्याकडे हंगामात वेळ नसतो. तिला वेळ असतो तो पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत, गावातच. पहिली आणि मोठी बैठक तेव्हा. याच वेळी हिमोग्लोबिन, गरोदरपणाची तपासणी, गोळ्यांचा साठा, कार्ड. मुकादम याच दिवसांत उचल वाटत असतो, म्हणून त्याच आठवड्यात त्याच्याशीही बोलता येतं. तळावरची भेट तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, पाऊण तासाची, शक्यतो बाजाराच्या दिवशी किंवा कारखाना बंद असेल तेव्हा, आणि तिथे नवी माहिती द्यायची नाही, त्रास ऐकायचे आणि पुढे पाठवायचं.

सासू आणि सून एकत्र बसवली की सून गप्प. विशीच्या मुलींची वेगळी बैठक हवी, आणि बोलणारी तोडणीला जाऊन आलेली असेल तर फार फरक पडतो. पुरुषांची वेगळी, त्यात विषय दोनच: नवऱ्याचं औषध आणि मोळीचं वजन. गरोदर आणि नुकत्या बाळंतिणीनं फळी चढायची नाही, हे नवऱ्यानं आणि मुकादमानं मान्य केलं नाही तर बाईला ते सांगून काही उपयोग नाही. मुकादमाकडून मागायचं ते ठरलेलं असावं: महिन्यातले दोन दिवस आणि दवाखान्याचा दिवस खाड्यातून माफ. कारखान्याकडून पाण्याची टाकी, शौचालय आणि आठवड्याला एक वैद्यकीय फेरी. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेण्याची व्यवस्था आहे, म्हणजे यासाठी पैसा कुठून आणायचा असं म्हणता येत नाही.

गावातली नोंद तळापर्यंत पोचत नाही, हा सरकारी बाजूचा सगळ्यात मोठा खड्डा. गरोदर बाईची नोंद बीडच्या उपकेंद्रात, पोट कोल्हापुरात. तिकडच्या आशाताईच्या यादीत ती नसते, म्हणून ना भेट, ना लोहाच्या १८० गोळ्या, ना धनुर्वाताचं इंजेक्शन. निघण्याआधी माता-बाल कार्डावर नोंदणी क्रमांक, हिमोग्लोबिन, शेवटच्या पाळीची तारीख, रक्तगट लिहून घ्यावा. गावच्या आशाताईनं टोळी ज्या कारखान्याला जाणार तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला फोनवर यादी कळवावी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची डॉक्टरांकडून तपासणी असते, ती तारीख टोळीला पाठ करून द्यावी. तारीख लक्षात राहते, योजनेचं नाव राहत नाही.

काढावीच लागली तर

गर्भाशय कधीच काढू नये असं नाही. मोठे फायब्रॉइड, औषधांना न जुमानणारा रक्तस्राव, अंग (गर्भाशय) पूर्ण बाहेर येणं, कॅन्सर, ही खरी कारणं आहेत. २०१९ नंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू झाली. ५ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना केंद्राची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं, आणि त्यात चाळिशीच्या आतल्या प्रत्येक शस्त्रक्रियेचं कारण नोंदवून ते समितीनं तपासायचं आहे. परवानगीचा एक तोटा दिसतो: शेजारच्या जिल्ह्यात जाऊन ऑपरेशन करायला कुणी अडवत नाही. म्हणून बाईच्या हातातले प्रश्नच शेवटी कामाचे.

ऑपरेशन ठरलं तर तिनं विचारायचं: आधी कोणतं औषध, किती महिने दिलं? रक्तस्रावासाठी गोळ्या, हार्मोनची तांबी सांगितली का? दुसऱ्या डॉक्टरचं, शक्यतो सरकारी स्त्रीरोगतज्ज्ञाचं मत घेतलं का? अंडाशय ठेवणार की काढणार, आणि काढणार तर का? काढलेल्या भागाचा तपासणी अहवाल मला मिळेल का? डिस्चार्ज कार्डावर ‘अंडाशय ठेवले’ किंवा ‘काढले’ हे शब्द लिहून घ्यायचे, कारण पाच वर्षांनी हाडं दुखायला लागल्यावर डॉक्टर पहिलं तेच विचारणार. अंडाशय ठेवले तरी पाळी जाण्याचं वय काही वर्षं अलीकडे येऊ शकतं. दोन्ही काढले तर आठवड्याभरात अंगाची आग, झोपमोड, चिडचिड सुरू होते, आणि पंचेचाळिशीच्या आत असेल तर पुढच्या औषधांसाठी डॉक्टरांकडे जावंच लागतं.

आणि वेळ. सहा ते आठ आठवडे जड उचलायचं नाही, घागर नाही, मोळी तर नाहीच. आतले टाके तोपर्यंत भरत असतात. सप्टेंबरात उचल मिळाली म्हणून तेव्हा ऑपरेशन करून दसऱ्याला फळी चढणं, हा सगळ्यात वाईट मेळ आहे आणि तोच सगळ्यात जास्त दिसतो. खरंच गरज असेल तर पट्टा पडल्यावर, एप्रिल-मेमध्ये, सरकारी रुग्णालयात, म्हणजे पावसाळा विश्रांतीला मिळतो. त्या आधी हिमोग्लोबिन दहाच्या वर आणायचं, ज्याला लोहाच्या गोळ्यांनी साधारण दोन महिने लागतात. म्हणजे गोळ्या फेब्रुवारीत, तळावर असतानाच सुरू व्हायला हव्यात, जेवणानंतर, चहाच्या तासभर आधी किंवा नंतर.